चार्ज कुणाकडे होता

दुबेजींनी मला पंख्याचं सांगितलं होतं.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, चौकशीच्या खोलीत नाही, आणि दुबेजींजवळ तर नाहीच. कोण दुबेजी, कसला पंखा, ते पुढे येईलच. पण हे वाक्य आधी लिहून टाकतो. शेवटासाठी ठेवलं तर मी ते पुन्हा गाळीन. माझी सवय मला ठाऊक आहे.

खरं म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मागणी वेगळीच होती. संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "भोयर काका, तुमच्या फॅक्टरीत इंग्रजी शब्द कसेही वापरतात नं, त्यावर काही हलकंफुलकं लिहा. लोकांना हसू आलं पाहिजे." मी हो म्हटलं. एकच शब्द घ्यायचा ठरवला, चार्ज. सारी नोकरी याच शब्दावर झाली. दोन पानं छान उतरली, आणि मग एका जागी पेन अडलं ते अडलंच. बायको म्हणाली, "काहून असे पेन धरून बसून राहिले? एवढं काय आहे त्या चार्जमध्ये?"

ती दोन पानं वाया घालवत नाही. आधी तीच सांगतो.

माझं मूळ पद चार्जमन. सरकारी कारखान्यात कामगार आणि अफसर यांच्या मधोमध एक माणूस असतो, ज्याला खालून टोमणे येतात आणि वरून मेमो. तो चार्जमन. बाबा याच फॅक्टरीत फिटर होते, वर्ध्याकडून इथे हिंदी मुलखात आलेले. मुलगा चार्जमन झाला म्हणून त्यांनी सगळ्या क्वार्टरांत पेढे वाटले होते. मुलगी बघायला अचलपूरला गेलो तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, "चार्जमन म्हणजे काय असते जी?"

बाबा म्हणाले, "साहेबच समजा. हाताखाली माणसं आहेत त्याच्या."

"ते ठीक आहे. पण करते काय पोरगा?"

मी खरं ते सांगितलं. "बॅटऱ्या चार्ज करतो."

बाबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण तेही खोटं नव्हतं. माझी नेमणूक बॅटरी-घरात होती. आमची सौ. आजही पाहुण्यांपुढे म्हणते, "मला सांगितलं साहेब आहे, निघाला बॅटरीवाला."

बॅटरी-घर म्हणजे काय ते सांगतो. आमच्या कारखान्यात काही भागांत पेट्रोल-डिझेलची गाडी न्यायची नाही. ठिणगी नको म्हणून. तिथला माल बॅटरीवर चालणाऱ्या बुटक्या गाड्यांतून जातो. दिवसभर धावून त्या गाड्या आमच्या दारात मरगळून उभ्या राहतात. मग त्यांच्या बॅटऱ्या एका लांबोळक्या खोलीत रांगेने मांडायच्या, लाल-काळे चिमटे लावायचे आणि वीज द्यायची. शिसं, तेजाब म्हणजे ॲसिड, आणि वीज, एवढाच संसार. तेजाबाचे थेंब उडतात. माझा एकही शर्ट धड नव्हता. दोरीवर वाळत घातला की पलीकडची भिंत दिसायची. आणि बॅटरी भरत आली की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं आणि त्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी मिळाली तर तो फुटतो. म्हणून त्या खोलीत छताजवळ एक मोठा पंखा असतो, आतली हवा बाहेर फेकणारा. पंखा बंद तर चार्जिंग बंद. आमच्याकडची ही पहिली ओवी. नवीन माणसाला बाकी काही नाही आलं तरी चालेल, हे आलंच पाहिजे.

तर, बॅटरीला चार्ज लावतात. सुट्टीवर गेलेल्याचा चार्ज दुसऱ्याकडे असतो. बदली झाली की चार्ज देतात. दूरच्या एका विभागात तोफेच्या गोळ्यात दारूचा चार्ज भरतात, तो आम्ही कधी पाहिला नाही, पाहायची परवानगीही नव्हती. काही चुकलं की चार्जशीट. मुन्नालाल नावाचा आमचा बॅटरीवरचा कामगार, पनागरचा, जिभेने तिखट. तो म्हणायचा, "साहब, बैटरी को चार्ज लगे तो दौड़ती है, आदमी को लगे तो बैठ जाता है." हिवाळ्यात तो पनागरहून मटाराच्या शेंगांची पिशवी आणायचा, आणि ती सोलत-सोलत आमच्या खोलीतली निम्मी भांडणं मिटायची.

इथवर हलकंफुलकं. पेन अडलं ते 'चार्ज देणे' इथे.

नियम असा होता: पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी खोलीत उभं राहून एकेक यंत्र बघायचं. हे चालू, हे बंद, हे बिघडलेलं. मग सह्या. पण भोंग्याची वेळ झाली की जाणाऱ्या माणसाचा पाय खोलीत टिकत नाही. गेटवर झुंबड, शहरात जाणारी बस उभी, उशीर झाला की घर गाठायला संध्याकाळ. म्हणून आमच्याकडे चार्ज दिला जायचा तो आतल्या सायकल स्टँडवर. जाणारा सायकलीचं कुलूप काढता-काढता सांगायचा, येणारा आपली स्कूटर लावता-लावता ऐकायचा. सांगून झालं की जाणाऱ्याने किल्ल्यांचा जुडगा येणाऱ्याच्या हातावर ठेवायचा, आणि येणाऱ्याने म्हणायचं, "लिया."

झालं. चार्ज गेला. सह्या नंतर आपापल्या सवडीने.

'लिया' म्हटल्यावर जाणाऱ्याने कामाचा शब्द काढायचा नाही, हा आमचा पायंडा. कुणी काढलाच तर स्टँडवरून आरोळी यायची, "दे दिया न? अब घर जाओ!" त्यात नुसती थट्टा नव्हती. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या कामात लुडबूड नको, असा एक मानही होता. आमच्या घरातही तो शब्द शिरला होता. सौ. बाजाराची दहा कामं सांगायला लागली की मी पिशवी घेऊन म्हणायचो, "लिया." मग ती हसून गप्प व्हायची.

एक नवीन साहेब आले होते, शिस्तीचे. त्यांनी हे बंद पाडलं. चार्ज खोलीतच द्यायचा, आणि ते स्वतः दारात उभे. चार-आठ दिवसांत निम्मी पाळी बस चुकवून पायी घरी जायला लागली, युनियन आली, आणि पुन्हा सायकल स्टँड सुरू झालं. त्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपला चार्ज पुढच्या साहेबांना कुठे दिला असेल? जीपच्या पायरीवर. आम्ही खिडकीतून बघत होतो.

आता दुबेजी.

दुबेजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, दुसऱ्या पाळीचे चार्जमन. मी आलो तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. राहायला घमापुरला. माझ्या डब्यातल्या पातोडीवर त्यांचा हक्क असायचा, आणि माझ्याकडून एकच मराठी शब्द ते शिकले होते तो म्हणजे 'काहून'. तो कुठेही लावायचे. "काहून भोयर, आज लेट? काहून साहब, छुट्टी मंजूर नहीं?" साहेबांनाही तो शब्द कळायला लागला होता.

त्यांचा दोष एकच. बोलायला लागले की थांबायचे नाहीत. दुबेजींकडून चार्ज घेणं म्हणजे सत्यनारायणाची कथा ऐकणं. यंत्रापाशी यायच्या आधी कँटीनची भाजी, मग शेजाऱ्याची गाय, मग त्यांच्या मेहुण्याची कोर्टकेस, आणि कळसाला बॅटरी. म्हणून त्यांच्याकडून चार्ज घेणारे आम्ही सगळेच एक लबाडी करायचो. मध्येच तळहात पुढे करायचो, किल्ल्या घ्यायचो, आणि म्हणायचो, "लिया." दुबेजी बिचारे तिथेच तुटायचे. "अरे, पूरा तो सुनो." स्टँड हसायचं. रोजची गंमत होती ती.

त्या आठवड्यात पाळ्या फिरल्या होत्या. ते सकाळी, मी दुपारी. मी स्कूटर लावत होतो. दुबेजींनी कँटीनच्या कढीपासून सुरुवात केली. "आज तो भैया कढ़ी में बेसन ढूँढ़ना पड़ा..." मी हात पुढे केला. त्यांनी सवयीने जुडगा ठेवला.

"लिया," मी म्हणालो.

"अरे, पूरा तो सुनो."

स्टँड हसलं. भोंगा वाजायला लागला. दुबेजी मान हलवत सायकलीवर बसले, निघाले. पाच-पंचवीस पावलं गेले असतील, आणि मग त्यांनी पाय टेकून मान मागे वळवली. त्यांनी तसं करायला नको होतं, पायंडा मोडणं होतं ते, आणि दुबेजी हसण्यावारी नेले जायचे तरी पायंडा मोडणारे नव्हते. ते ओरडले, "भोयर, पंखे का बेल्ट गया है. बैटरी मत लगवाना."

कुणीतरी ओरडलं, "दुबेजी, दे दिया. घर जाओ." पुन्हा हशा.

मी हात वर केला. समजलं, असा. दुबेजी वळले आणि गेले.

भोंगा वाजत होता हे खरं. पण मला ऐकू आलं होतं. पंखा, बेल्ट, बॅटरी नको. तिन्ही.

आता पुढचं कसं सांगू, ते मला नीट कळत नाही. आत गेलो. गाड्या दारात उभ्या होत्या. वर्कशॉपवरून फोन आला, माल अडला आहे, गाड्या लवकर द्या. मुन्नालालने विचारलं, "साहब, लगा दूँ?" त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तराच्या जागी घासून नुसता खड्डा उरला आहे. कधी वाटतं, विसरलोच होतो. कधी वाटतं, लक्षात होतं, पण बेल्ट जरा सैल झाला असेल, दुबेजी काय, तिळाचा ताड करतात, असं मनाशी म्हणालो. कधी याहून वाईट वाटतं. ते 'लिया'नंतर बोलले होते, म्हणून ते कामाचं बोलणंच नव्हे, दुबेजींची नेहमीची शेपूट आहे, असं काहीतरी माझ्या आत ठरून गेलं होतं. यातलं खरं कोणतं, मला शपथेवर सांगता येणार नाही.

एवढं मात्र सांगता येतं. मी पंख्याचं बटण दाबलं. मोटर घुमली. आवाज आला. तो पंखा छताजवळ, जाळीच्या मागे असतो. पाती फिरतात की नाही हे बघायला पार टोकाच्या खिडकीपाशी जाऊन मान वर करावी लागते. बेल्ट तुटला तर मोटर एकटीच घुमते, पाती जागची हलत नाहीत. हे मला माहीत होतं. दुबेजींनीच शिकवलं होतं. जाऊन बघायचं, एवढंच काम होतं.

मी गेलो नाही. म्हणालो, "लगा दे."

बॅटऱ्या भरत आल्या तेव्हा गाडीवाला घाईला आला. मुन्नालालने वीज बंद न करता चिमटा ओढला. चूकच, पण आम्ही सगळेच घाईत तसं करायचो. पंखा चालू असला तर एक ठिणगी उडते आणि काही होत नाही. त्या दिवशी नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. बॅटरीचं वरचं झाकण उडालं आणि तेजाब मुन्नालालच्या तोंडावर.

मी त्याला ओढत नळाखाली नेलं. तो हात-पाय झाडत होता, मला आईवरून शिव्या देत होता, आणि मी त्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी सोडत राहिलो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही. सिविल लाइंसमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याने डोळा वाचला. आज मुन्नालालला चांगलं दिसतं. एका भुवईत मधोमध केस उगवत नाहीत, एवढंच. तो म्हणतो, "फैशन है साहब, लड़के पैसा देके कटवाते हैं."

मला प्रशस्तिपत्र मिळालं. प्रसंगावधान दाखवल्याबद्दल. सौ.ने ते फ्रेम केलं. मी भिंतीवर लावू दिलं नाही, तर तिला वाटलं नवरा मोठा नम्र आहे.

चौकशी झाली. चौकशीचे अधिकारी बाहेरून आले होते, सभ्य होते, कुणाला दरडावलं नाही. दुबेजी म्हणाले, "बताया था साहब. साइकिल स्टैंड पर."

मग मला विचारलं, "मिस्टर भोयर, चार्ज लेते समय दुबे ने आपको पंखे के बारे में बताया था?"

मी म्हणालो, "चार्ज लेते समय नहीं बताया, सर."

यातला एकही शब्द खोटा नाही. चार्ज घेतला तेव्हा कढी चालली होती. पंखा नंतर आला. हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं, की तिथल्या तिथे तोंडातून निघालं, यावरही माझं मलाच पटेनासं झालं आहे. इतकं घट्ट बसवलेलं वाक्य आपोआप निघतं का? बाहेरच्या माणसाला 'आणि नंतर?' असं विचारायचं सुचणार नाही, कारण चार्ज दिल्यानंतरही काही असतं हे फक्त आमच्या सायकल स्टँडला माहीत.

दुबेजी माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. मी काहीतरी विसरतो आहे आणि आता मला आठवेल, अशी वाट बघितल्यासारखे. मग म्हणाले, "साहब, वो मैंने जाते-जाते..."

"जाते-जाते मतलब? चार्ज देने के बाद?"

दुबेजी अडखळले. चार्ज दिल्यावर बोललो, असं म्हणणं म्हणजे आधी सांगायचं राहिलं, हे कबूल करणं होतं. आणि त्यांचं आधी सांगायचं काहून राहिलं? मी हात पुढे केला म्हणून. 'लिया' म्हणालो म्हणून. पण हे ते बोलले नाहीत. ते माझ्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "भोंगा बज रहा था साहब. शायद इन्होंने सुना नहीं."

बघा, बाहेर पडायचं दार त्यांनीच उघडून दिलं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ऐसा ही है?"

मी मान हलवली. हो अशी.

आधीचं वाक्य खरं की खोटं यावर वाद घालता येईल. मी स्वतःशी पुष्कळ घातला आहे. या मानेवर वाद नाही.

स्टँडवरच्या दोघा-तिघांनाही विचारलं. ते म्हणाले, दुबेजी काहीतरी बोलले खरं, पण ते तर बोलतच असतात. दुबेजींना चार्जशीट मिळाली. वेतनवाढ थांबली, प्रमोशन पुढे गेलं आणि पुढे जात-जात त्यांच्या निवृत्तीच्याही पुढे निघून गेलं. मधल्या काळात वरची जागा मला मिळाली. मुन्नालालने दुबेजींशी बोलणं टाकलं. त्याच्या लेखी त्याचा डोळा दुबेजींनी घालवला होता आणि मी वाचवला. पनागरचा मटार आजही माझ्या घरी येतो. तो सोलताना सौ. म्हणते, "किती जीव लावून राहिला हा माणूस तुम्हाला." बाजाराची पिशवी हातात घेताना मी 'लिया' म्हणणं सोडलं, ते तिच्या लक्षात आलं होतं. दोनदा विचारलंही. मी म्हटलं, जुनं झालं ते.

एवढंच असतं तरी कदाचित मी हे लिहिलं नसतं. नोकरीत पुष्कळांना न केलेल्याची शिक्षा होते, आणि दुबेजींनी प्रमोशनचं दुःख फारसं केलं नाही. लिहायला बसवलं ते मागच्या महिन्यात पाहिलं त्याने.

दुबेजींच्या घरी मी वर्षातून एकदा जातो, दसऱ्याच्या आसपास. घमापुरच्या बाजारामागच्या गल्लीत घर. या वेळी बराच वेळ बसलो. भाभी चहा ठेवत होत्या. दुबेजी दारात उभे राहून दूधवाल्याला सांगत होते, उद्या एक लिटर जास्त. सांगून झालं आणि म्हणाले, "बोलो, क्या सुना?"

दूधवाला कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "कल एक लीटर ज़्यादा, चाचा."

मग त्यांनी आत वळून विचारलं, "तुमने सुना न, मैंने बोला?"

"सुना," भाभी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. "भैया, इनका रोज का है. कुछ भी बोलेंगे तो एक गवाह चाहिए. ताला लगाएँगे तो मुझसे पूछेंगे, लगाया न? गली के मोड़ से लौट के आते हैं देखने."

"अब उमर हो गई," मी म्हणालो.

"उमर का नहीं है," भाभी म्हणाल्या. "नौकरी में थे तभी से है. वो बैटरी वाले कांड के बाद से."

दुबेजी माझ्या समोर येऊन बसले. माझा मोबाईल बंद पडायला आला होता. मी पिशवीतून चार्जर काढला, तो त्यांनी माझ्या हातून घेऊन भिंतीला लावला, बटण दाबलं, आणि म्हणाले, "ऑन किया. देखा न तुमने?"

"देखा."

"देख लिया करो," ते म्हणाले. "मेरा भरोसा नहीं."

पूर्वी ज्यांना थांबवावं लागायचं, ते आता दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला अडत होते. चहा आला. त्यांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "काहून भोयर, एक बात पूछूँ?"

"पूछिए न."

"उस दिन मैंने बोला था, कि मन में ही बोला था?"

मी माझा चहा बशीत ओतायला लागलो.

"मुझे तो ऐसा लगता है कि बोला था. साइकिल रोकी थी, गर्दन घुमाई थी. किसी ने कहा भी था, घर जाओ. और मुझे तो ये तक लगता है कि तुमने हाथ उठाया था." त्यांनी स्वतःचा हात थोडा वर करून दाखवला. तंतोतंत तसाच. "फिर सोचता हूँ, वो तो राम-राम का हाथ रहा होगा. तुमने सुना होता तो तुम बैटरी क्यों लगवाते? तुम ऐसे आदमी नहीं हो. मतलब मैंने ही नहीं बोला. पर जो आदमी को इतना साफ याद है, वो हुआ ही नहीं, तो फिर बाकी का क्या भरोसा?"

तेव्हा मला कळलं की मी त्यांचं काय घेतलं. प्रमोशन नव्हे. मी एक मान हलवली आणि हा माणूस तेव्हापासून आपल्याच आठवणीला खोटी ठरवत बसला आहे, कारण ती खोटी ठरवली नाही तर मला खोटं ठरवावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही.

भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, "चाय बढ़िया बनी है भाभी."

उठलो. चपला घातल्या. गल्लीत काही पावलं गेलो तोच मागून दुबेजींचा आवाज आला, "भोयर, चार्जर छूट गया तुम्हारा."

मला पुन्हा त्या दारात जायचं नव्हतं. मी वळलो, आणि राहू द्या, पुढच्या वेळी नेईन, अशा अर्थाने हात वर केला.

दुबेजी उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "हाथ मत हिलाओ भैया. मुँह से बोलो. सुना कि नहीं सुना?"

"सुना," मी म्हणालो. चार्जरचं.

घरी आल्यावर सौ.ने विचारलं, "कसे आहेत दुबेजी?" मी म्हटलं, बरे आहेत. रात्री जेवलो नाही म्हणून तिने ओवा दिला.

चार्ज त्या दिवशी नेमका कुणाकडे होता, हे मला आजही कळत नाही. किल्ली माझ्या हातात होती, म्हणजे माझ्याकडे. अर्धवट ऐकून घेतलेला चार्ज घेतला म्हणायचा का? मग तो वाटेत कुठे होता, सायकल स्टँड आणि गेटच्या मध्ये? पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, माझ्या किल्ल्या कुणाच्या तरी हातावर ठेवीन, आणि तो 'लिया' म्हणेल तेव्हाही मला हे कळलेलं नसेल. संपादक बाईंना हसू येईल असं यात फार काही निघालं नाही, त्याबद्दल त्यांनी माफ करावं.

आणखी एक, ज्याची लाज वाटते. हे मी मराठीत लिहिलं. आपलीच भाषा, आपल्या मंडळाचा अंक, सगळं खरं. पण लिहिताना मनात होतं की दुबेजींना मराठीतलं 'काहून' सोडून काही येत नाही, आणि हा अंक घमापुरच्या त्या गल्लीत जात नाही. म्हणजे सगळ्यांना सांगितलं आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच वगळलं. ही पण सायकल स्टँडवरचीच युक्ती झाली.

म्हणून देणं काय आहे ते सरळ लिहितो. चार्जर आणायला मला घमापुरला जायचं आहे. भाभींना समोर बसवून, भोंगा नसताना, दुबेजींना हिंदीत सांगायचं आहे: आपने बोला था. मैंने सुना था. वो हाथ राम-राम का नहीं था. मुन्नालालला हेच सांगायला पनागरला जायचं आहे, पण आधी घमापुर.

अजून गेलेलो नाही.